एका गोळ्यातून अनेक वाट्या



संक्रांत जवळ आली की आपल्या गावच्या आठवडी बाजारात मातीच्या सुगडांचे ढीग दिसू लागतात. आपल्या आया त्यांपैकी एकेक सुगड हाती घेतात, टिचकी मारून त्याचा नाद ऐकतात आणि मनास येतील ती पाच सुगडे निवडून पदराआड घरी आणतात. त्यांत ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजर व तीळ घालून वाण दिले जाते. दिवाळीस पणत्या लागतात, अक्षय्य तृतीयेस पाण्याने भरलेली घागर लागते, आणि अखेरच्या यात्रेसही मडकेच पुढे चालते. मातीचे हे भांडे जन्मापासून मृत्यूपर्यंत आपली सोबत करते. परंतु एकमेकांसारखी दिसणारी ही शेकडो भांडी इतक्या थोड्या दिवसांत आणि इतक्या अल्प किमतीत तयार होतात तरी कशी, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांस पडला असेल? मला स्वतःला तो वयाची तिशी उलटेपर्यंत पडला नव्हता, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो माझ्याच एका चुकीमुळे. इयत्ता नववीतील एक विद्यार्थी दरवर्षी संक्रांतीच्या आधी आठ-दहा दिवस शाळेत येत नसे. एका वर्षी तो परत आला तेव्हा मी त्याला वर्गात उभे केले व कारण विचारले. खाली मान घालून तो म्हणाला, “घरी काम होतं, गुरुजी.” “अभ्यासापेक्षा मोठे असे कोणते काम?” असे मी सर्वांसमक्ष विचारले आणि त्याच्या निरुत्तर होण्याचा अर्थ ‘आळस’ असा लावला. पुढल्या वर्षी संक्रांतीच्या बाजारात सुगडांच्या एका ढिगामागे आपल्या आईच्या शेजारी बसलेला तो मला दिसला. मला पाहताच त्याने तोंड फिरविले. वस्तुतः त्या क्षणी तोंड लपविण्याची पाळी माझी होती.

त्यानंतरच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील घरात तेलुगू व गिऱ्हाइकांशी मराठी बोलणारे. “या गुरुजी, बसा,” म्हणून त्यांनी मला चाकाजवळच बसविले. माझी मातृभाषा कोंकणी. लहानपणी डिचोलीची मातीची भांडी आमच्या घरात होती. मडक्यास ‘बुडकुलो’ म्हणत मी वाढलो. आपण मडके म्हणतो त्यास तेलुगूत ‘कुंड’ म्हणतात, कुंभारास ‘कुम्मरि’ आणि त्याच्या चाकास ‘सारे’ म्हणतात. शब्द निरनिराळे असले तरी चाकापुढे बसल्यावर मी आणि ते गृहस्थ यांच्यात भाषेची अडचण म्हणून राहिली नाही. त्या दिवशी जे पाहिले व पुढे तुमच्यापैकी काही जणांसह पुन्हा जाऊन जे शिकलो, ते येथे क्रमाने सांगतो.

प्रथम माती. आपल्या जिल्ह्याची जमीन बहुतांशी काळी, कापसाची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली म्हणजे आक्रसते; उन्हाळ्यात शेतांना पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्याच आहेत. म्हणून नुसती काळी माती कुंभाराच्या उपयोगाची नाही. तो तळ्याच्या तळाशी साचलेली गाळाची माती आणतो, ती वाळवून फोडतो, भिजत घालतो, खडे व मुळ्या काढून टाकतो आणि तीत बारीक वाळू किंवा राख मिसळतो. वाळूचे कण आक्रसत नाहीत. ते मातीच्या कणांमध्ये राहून तिचे फुटणे आवरतात. त्यानंतर माती पायांनी तुडवावयाची व शेवटी हातांनी मळावयाची. मळण्यात हयगय झाली तर आत हवेचा फुगा अथवा खडा राहतो, आणि चाकावर बोट त्या जागी आले की भिंत फाटते. आमचा विद्यार्थी त्या आठ-दहा दिवसांत हेच काम करीत असे. भल्या पहाटे माती तुडविल्याखेरीज दिवसा चाक फिरू शकत नाही.

आता चाक. पूर्वीचे चाक लाकडी आऱ्यांचे असे व त्याच्या कडेवर माती लिंपून ते जड करीत. काही ठिकाणी ते दगडी असे. आता सिमेंटचेही असते. जमिनीत रोवलेल्या खुंटीच्या टोकावर ते तोलून ठेवलेले असते. कडेजवळच्या खळग्यात काठी घालून कुंभार त्याला जोराने गती देतो व काठी बाजूस ठेवून कामाला लागतो. हात काढून घेतल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहते, ते का? फिरणाऱ्या वस्तूचे वजन मध्यापासून जितके दूर, तितकी ती आपली गती सहजासहजी सोडीत नाही. म्हणूनच चाकाची कड जड ठेवावयाची. वाफेच्या यंत्रावरील मोठे चाकही याच तत्त्वावर चालते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात जे तत्त्व आपण पाठ करतो, ते या घरात पिढ्यानुपिढ्या हातांनी जाणलेले आहे.

मी गेलो तेव्हा मला वाटले होते की एका वाटीस एक छोटा गोळा, याप्रमाणे काम चालत असेल. परंतु कुंभाराने मोठ्या कलिंगडाएवढा एकच गोळा उचलला व चाकाच्या मध्यभागी जोराने आपटून चिकटविला. नंतर दोन्ही तळवे ओले करून त्याने त्याला खालून वर दाबीत नेले. पाहता पाहता मातीचा एक शंकू उभा राहिला. ‘एवढ्या मातीचा रांजण होणार काय?’ असे मी विचारले. ते हसून म्हणाले, “रांजण नाही गुरुजी, बोळकी. बघत राहा आणि मोजा.”

येथे या कलेचे पहिले मर्म आहे. एकेका वाटीसाठी निराळा गोळा घेतला तर प्रत्येक वेळी तो तोलावा लागेल, चाकाच्या नेमक्या मध्यावर बसवावा लागेल, आणि मुठीएवढी माती एवढ्या मोठ्या चाकावर धरणेही कठीण. त्याऐवजी मोठा गोळा एकदाच बसविला की तो जणू चाकाचाच भाग होतो. मग त्याच्या माथ्यावरची मूठभर माती तेवढी प्रत्येक वेळी मध्यावर आणावयाची. खालचा गोळा किंचित वाकडा असला तरी चालतो. माथा मात्र मुळीच डुगडुगता कामा नये. माती मध्यावर नसेल तर काय होते? फिरणाऱ्या वस्तूचा प्रत्येक कण सरळ रेषेत निघून जाऊ पाहतो. मध्यापासून एका बाजूस माती अधिक असेल तर ती त्या बाजूस ओढ घेते, बोटे प्रत्येक फेऱ्यास हिसका खातात आणि भिंत एकीकडे जाड व दुसरीकडे पातळ होते. कोपर मांडीवर घट्ट टेकवून कुंभार आपला हात स्थिर ठेवतो. हात हलला नाही म्हणजे मातीलाच मध्यावर यावे लागते.

माथा स्थिर झाला की तो करंगळीच्या कडेने त्याखाली एक हलकी खाच पाडतो. खाचेच्या वर असते ती वाटीची माती. खाली राहते ती पुढच्या वाट्यांची. नंतर अंगठा माथ्यात मधोमध उतरतो, आणि येथेच खरी कसोटी लागते. सपाट चाकावर भांडे घडविताना खाली चाक असते. अंगठा किती खोल गेला याचा अंदाज त्यावरून येतो. गोळ्याच्या माथ्यावर मात्र खाली मातीच माती. तळ कोठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. अंगठा अधिक खोल गेला तर कापताना वाटीस भोक पडते. कमी गेला तर तळ जड राहतो. जो तळ अजून अस्तित्वात नाही, तो कुंभाराने मनात धरलेला असतो आणि वरच्या खाचेवरून त्याचा हिशेब ठेवलेला असतो.

अंगठा थांबला की बोटाच्या टोकाने तळ घट्ट दाबावयाचा. मग एक बोट आत व एक बाहेर ठेवून भिंत वर ओढावयाची; वाटीचा आकार आतल्या बोटाने ठरतो. ओल्या चिंधीने काठ गुळगुळीत करावयाचा. शेवटी दोऱ्याचे एक टोक खाचेशी टेकवावयाचे; चाकाच्या गतीने दोरा आपोआप एक वेढा घेतो; दुसरे टोक ओढले की वाटी सुटी होते. दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांच्या कात्रीत ती अलगद उचलून फळीवर ठेवली की लगेच हात पुढच्या माथ्याकडे वळतात. हे सर्व होण्यास अर्धा मिनिट पुरेसे होते. मधून मधून चाक मंदावले की काठीने पुन्हा गती द्यावयाची. मी मोजत होतो. त्या एका गोळ्यातून 39 बोळकी निघाली, आणि पहिले व शेवटचे शेजारी ठेवले असता त्यांतील फरक मला ओळखता आला नाही.

काही दिवसांनी नववीचा वर्ग घेऊन मी पुन्हा तेथे गेलो. कुंभारकाकांनी प्रत्येकास चाकाशी बसू दिले. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांची माती उडाली, माझीही उडाली. पुष्कळ खटपटीनंतर आमच्या 11 वाट्या फळीवर उभ्या राहिल्या. आम्ही त्या मोठ्या अभिमानाने शाळेत आणल्या व लवकर वाळाव्यात म्हणून व्हरांड्यातील उन्हात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पाहतो तो 11 पैकी 9 वाट्यांच्या तळाला चीर गेलेली, आणि सर्व चिरा एकाच वळणाच्या, नागमोडी! कारण कोणालाच सांगता येईना. तेव्हा ज्या मुलाला मी एके काळी निरुत्तर म्हणून खाली बसविले होते, तो उभा राहिला आणि फळ्यावर आकृती काढून त्याने सर्व वर्गाला व मला ते समजावून दिले.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. वाटीची भिंत वर ओढताना बोटांच्या दाबाने घट्ट होते. तळाला मात्र दाब मिळत नाही. सपाट चाकावर बसविताना तळाची माती थोडीफार तरी दाबली जाते. गोळ्याच्या माथ्यावर ती मुळीच दाबली जात नाही, कारण खालची मातीही मऊच असते. त्यात आम्ही वाटीत पाणी साचू दिले होते, म्हणून तळ अधिकच मऊ राहिला. जी माती अधिक ओली व सैल, ती वाळताना अधिक आक्रसते. शिवाय उन्हात काठ आधी वाळून कडक झाला व तळ मागे राहिला. कडक झालेली भिंत आत सरकत नाही. तळ मात्र आक्रसू पाहतो. मग तो मध्येच फाटतो. चाकाच्या फिरण्यामुळे मातीला आलेला पीळ त्यात असतोच. म्हणून चीर सरळ न जाता नागमोडी जाते. उपाय तीन: तळ बोटाने दाबून घट्ट करावा, आतले पाणी चिंधीने टिपून घ्यावे आणि वाटी सावलीत, सावकाश व शक्यतो पालथी घालून वाळवावी. “बाबा प्रत्येक वाटीत शेवटी एकदा बोट दाबतात, ते यासाठीच,” असे तो म्हणाला. ते बोट आम्ही सर्वांनी पाहिले होते. परंतु त्याचा अर्थ एकट्यालाच ठाऊक होता.

वाळल्यावर आवा. पूर्णपणे न वाळलेले भांडे आव्यात ठेवले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते. उष्णता 500 ते 600 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली की मातीच्या कणांशी रासायनिक रीतीने जोडलेले पाणीही निघून जाते. त्यानंतर ती माती कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. ती कायमची पालटलेली असते. मातीतील लोहामुळे भांड्यास तांबडा रंग येतो. आवा झाकून हवा कोंडली तर तेच भांडे काळे होते. देशी आव्याच्या आचेत मातीची सूक्ष्म छिद्रे बुजत नाहीत. म्हणून माठातील पाणी पाझरून व वाळून आतले पाणी गार होते, आणि म्हणूनच नवी पणती आधी पाण्यात भिजत घालतात. छिद्रांत पाणी भरले की ती तेल कमी पिते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. घागर, माठ, रांजण ही मोठी भांडी अशी माथ्यावरून काढता येत नाहीत. त्यांचे तोंड व जाड अंग चाकावर घडते. मग ते अर्धवट सुकल्यावर आतून दगडी गोट्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटीने ठोकीत ठोकीत पातळ व मोठे करतात. तेरच्या संत गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या मस्तकांवर थापटी मारून कोण पक्के व कोण कच्चे हे पाहिले आणि नामदेवरायांना कच्चे ठरविले, ही कथा तुम्हांस ठाऊक आहे. ती थापटी हीच. तेलुगू भाषेतही ‘मोल्ला रामायण’ रचणारी कवयित्री मोल्ला कुंभाराचीच कन्या म्हणून प्रसिद्ध आहे. चाकाशी बसणाऱ्यांनी दोन्ही भाषांच्या साहित्याला असे धन दिले आहे.

ही कला किती प्राचीन आहे! हडप्पा संस्कृतीचे लोक चाकावर भांडी घडवीत होते. महाराष्ट्रात संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे 1950-51 साली उत्खनन झाले. तेथील तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली चाकावरची भांडी इतकी उत्तम भाजलेली आहेत की टिचकी मारली असता धातूसारखा नाद येतो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथेही या जोर्वे पद्धतीची भांडी विपुल मिळाली, आणि भांडी भाजण्याची भट्टीही सापडली. त्या लोकांचा काळ आजपासून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. आपल्या आया सुगड निवडताना जी टिचकी मारतात, तिला एवढा मोठा वारसा आहे. जपानातील कारागीरही चहाचे पेले याच रीतीने मोठ्या गोळ्याच्या माथ्यावरून काढतात.

दूर कशाला जावे? आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातच इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. गोंडांतील मेश्राम कुळाचे लोक पूजेसाठी कलमडुगूजवळच्या हस्तिनमडुगू येथून गोदावरीचे पाणी पायी चालत जाऊन आणतात. आणि पूजाविधीस लागणारी मातीची भांडी परंपरेने सिरिकोंडा येथील कुंभारांकडून घडवून घेतात. गोंडी बोलणाऱ्यांची पूजा, तेलुगू बोलणाऱ्याचे चाक, आणि जत्रेस येणाऱ्यांत मराठी बोलणारेही असतात. 1956 साली राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले. 2016 साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार भाग झाले. सीमा बदलल्या, तरी भांड्याने त्या कधी मानल्या नाहीत.

आज या व्यवसायापुढे अडचणी आहेत, हे खरे. प्लास्टिकच्या पेल्यांनी व साच्यातल्या पणत्यांनी बाजार व्यापला आहे. तळ्यातील माती पूर्वीसारखी सहज मिळत नाही. सरपण महागले आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने 2018 पासून कुंभारांना विजेवर चालणारी चाके देण्याची योजना सुरू केली, त्यामुळे काठी फिरविण्याचे श्रम वाचतात. परंतु वीज चाक फिरवील. तळ कोठे थांबवावा हे ती सांगणार नाही. ते ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेले तरच टिकेल. आणि ज्या मुलाला आपल्या बापाच्या धंद्याचे नाव वर्गात घेण्याचा संकोच वाटतो, त्याच्या हातात ते कसे जावे? हा संकोच त्याच्या मनात आपणच उत्पन्न केलेला असतो. मी तो उत्पन्न केला होता.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या विद्वान झालेल्या पुत्रास, श्वेतकेतूस, सांगतात की मातीचा एक गोळा जाणला म्हणजे मातीचे सर्व काही जाणले जाते. निरनिराळी नावे ही केवळ बोलण्याची. बारा वर्षे अध्ययन करून अहंकाराने परतलेल्या पुत्राला पित्याने मातीचा गोळा दाखवावा, यातील अर्थ मी पदवी परीक्षेसाठी पाठ केला होता. तो मला कळला मात्र कुंभाराच्या अंगणात.

तो विद्यार्थी आजही संक्रांतीपूर्वी काही दिवस शाळेत येत नाही. परंतु आता तो जाण्यापूर्वी सांगून जातो, “गुरुजी, माती तुडवायची आहे,” आणि त्याचे बुडालेले पाठ मी संध्याकाळी घेतो. गेल्या संक्रांतीस त्याने स्वतः माथ्यावरून काढलेली पाच सुगडे वर्गासाठी आणली होती. पाचांचेही तळ शाबूत होते.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे:

1. घरातील पणतीचा किंवा सुगडाचा तळ पालथा करून पाहा. तेथे शिंपल्यावरच्यासारख्या वळणाच्या रेषा दिसतात काय? त्या फिरत्या चाकावर दोऱ्याने कापल्याच्या खुणा होत. रेषा मुळीच नसतील तर भांडे बहुधा साच्यातले आहे.

2. ओली वाटी वाळून व भाजून साधारण दहाव्या हिश्श्याने आक्रसते असे धरा. ओली असताना 10 सेंटिमीटर रुंद असलेली वाटी भाजल्यावर 9 सेंटिमीटर होईल. लांबी, रुंदी व उंची तिन्ही याच प्रमाणात घटल्या तर तिच्यात मावणारे पाणी शेकडा किती कमी होईल? (उत्तर: सुमारे 27.)

3. आपल्या गावातील एखाद्या कारागिराकडे, मग तो सुतार असो, लोहार असो, विणकर असो वा कुंभार असो, एक तास बसा. त्याच्या हातांची जी हालचाल तुम्हांस निरर्थक वाटेल, तिचे कारण त्यालाच विचारा आणि वहीत लिहून आणा.